शिशातली घटना

तात्यांच्या उमेदीच्या काळात देशाची घटना पुस्तकात नव्हती, शिशात होती. आता बटण दाबून कलम बदलणाऱ्यांना हे सांगून पटायचं नाही. सरकारी छापखान्याच्या मागच्या खोलीत एक लोखंडी मांडणी होती. तिच्यावर घटनेचं पानन्‌पान खिळ्यांत, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांत जुळवून, दोऱ्याने आवळून ठेवलेलं असे. बाकीची पुस्तकं छापून झाली की खिळे सोडवायचे आणि पेटीतल्या ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचे, हा धंद्याचा नियम. घटनेला मात्र कुणी सोडवत नसे, कारण ती सारखी बदलायची! दरवेळी सगळी पानं नव्याने कोण जुळवत बसणार? बदललेल्या ओळी तेवढ्या उपसायच्या, त्यांच्या जागी नव्या बसवायच्या, की झालं.

हे काम तात्यांचं. तात्या जुळारी होते. मतदानाचं वय एकवीसचं अठरा झालं ते त्यांच्या बोटांनी. वरचं सभागृह मोडीत निघालं तेव्हा त्यांनी ढीगभर शिसं उपसलं आणि रिकाम्या जागेत लाकडी पट्ट्या ठोकल्या. पुढच्या निवडणुकीनंतर तेच सभागृह पुन्हा हजर! "आधी सांगितलं असतं तर बांधूनच ठेवलं असतं की," म्हणून तात्या दिवसभर करवादत होते. राष्ट्रप्रमुखाला किती वेळा निवडून येता येईल हे कलम तर इतक्यांदा बदललं, की फोरमन म्हणायचा, "तात्या, त्या ओळीला बिजागरीच लावून टाका."

काय दिवस होते ते! शाईचा आणि रॉकेलचा वास कपड्यांना असा चिकटायचा की घरची माणसं डोळे मिटून ओळखायची, तात्या आले. भिंतीवरच्या फळीवर रेडिओ असायचा. सभागृहातली भांडणं ऐकत सगळे काम करायचे, आणि कुणी मंत्री फार लांबण लावू लागला की तात्या म्हणायचे, "बोल बाबा, बोल. तुला काय, जुळवायचं आम्हाला आहे."

तात्यांचा हट्ट एकच. सही झाल्याशिवाय जुन्या ओळीला हात लावायचा नाही. नवी ओळ आधी जुळवून बाजूला ठेवा, हवं तर. पण राष्ट्रप्रमुखाची सही होईपर्यंत जुनी जागची हलता कामा नये. एकदा एका नव्या जुळाऱ्याने घाई केली, तर तात्यांनी सगळ्यांदेखत त्याची अशी खरडपट्टी काढली की तो आठवडाभर त्यांच्या समोरून जाईना.

आता त्यांच्या घरचं दुखणं ऐका. लेक लग्न करून दुसऱ्या देशात गेली होती. जावई अपघातात गेला, आणि ती तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी परत आली. लेक इथलीच, तिला कोण अडवतं? पण नात, भिंगरी? घटनेत लिहिलं होतं की मूल बापाच्या देशाचं. आईचा तिथे पत्ताच नाही. म्हणजे तात्यांच्या मांडीवर वाढलेली, इथल्याच गल्लीत गुडघे फोडून घेणारी भिंगरी परकी! दरवर्षी तिचा राहायचा परवाना नवा करून आणायचा. अठरावं सरलं की तोही बंद. मग तिने जायचं बापाच्या देशात, जिथे तिचं ओळखीचं काळं कुत्रंही नव्हतं. आणि ती ओळ जुळवली होती कुणी? ऐन तरुणपणी, शीळ घालत, तात्यांनीच.

भिंगरी बारा वर्षांची असताना हे कलम बदलायची दुरुस्ती सभागृहात आली. तात्यांनी 'आई किंवा बाप' अशी नवी ओळ सकाळीच जुळवून ठेवली होती. दुपारी रेडिओवर टाळ्यांचा कडकडाट झाला. दुरुस्तीच्या बाजूने बहुमत! तात्या उठले. सही नाही, बिही नाही. त्यांनी दोरा सोडला, जुनी ओळ उपसली, तिचे खिळे भराभर घरांत टाकून दिले आणि नवी ओळ बसवली. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवणारा माणूस, पण आनंदाने त्याची मती गुंग झाली.

थोड्या वेळाने फोरमन आत आला. नव्या ओळीकडे त्याने पाहिलं आणि तो मटकन स्टुलावर बसला. "तात्या, साधं बहुमत नाही चालत हो. दोन तृतीयांश लागतात. दुरुस्ती थोडक्यात पडली."

तात्यांना काय हे माहीत नव्हतं? इतक्या दुरुस्त्या हातांखालून गेलेल्या!

शाळांसाठीच्या प्रती त्याच संध्याकाळी छापायला जायच्या होत्या. "तुम्ही घरी जा, मी जुळवतो," फोरमन म्हणाला.

"नको. मी केलेलं मीच निस्तरतो."

मग तात्या उभे राहिले आणि ती जुनी ओळ त्यांनी पुन्हा जुळवली. एकेक खिळा उचलून. आपल्याच नातीला परकं करणारी ओळ, माणसाने किती वेळा लिहायची? दोनदा सगळं हातातून सांडलं. फोरमनने तोंड फिरवलं.

घरी दारातच भिंगरीने विचारलं, "आजोबा, झाले का मी इथली?"

"अजून नाही, बाळा."

"बरं," म्हणाली आणि खेळायला पळाली. रडली असती तर तात्यांना परवडलं असतं.

भिंगरीला सतरावं सरत आलं तेव्हा दुरुस्ती पुन्हा आली, आणि या वेळी दोन तृतीयांशांनी पार झाली. छापखान्यात नुसता दंगा! तात्या मात्र हात मांडीखाली दाबून स्टुलावर बसून होते. "सही?" एवढंच विचारायचे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी सहीचा कागद आला. तात्यांनी तो स्वतः वाचला, फोरमनला वाचायला लावला, आणि मगच दोरा सोडला. जुन्या ओळीचे खिळे पुढे कुठल्याशा रेल्वेच्या वेळापत्रकात लागले असतील.

भिंगरी नागरिकत्वाचा दाखला आणायला गेली ती दिवेलागणीलाच परतली. चप्पल भिरकावली आणि सुरू झाली, "देश आहे का काय हा! दिवसभर उन्हात उभं केलं. खिडकीवरचा माणूस जेवायला गेला तो गेलाच! या सरकारला लाज कशी वाटत नाही?"

"अगं, हळू बोल!" लेकीच्या तोंडून सवयीने निघून गेलं. पोर बोलायला लागल्यापासून तिने हेच शिकवलं होतं. आपण परवान्यावर राहतो, इथल्या कशाला नाव ठेवायचं नाही. आणि सतरा वर्षांत भिंगरीने कशालाच नाव ठेवलं नव्हतं, हे तात्यांच्या आत्ता लक्षात आलं.

त्यांनी लेकीला हाताने थांबवलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

"बोलू दे तिला," ते म्हणाले. "बोल पोरी, चांगलं खिडक्या उघडून बोल."

भिंगरीने एकदा आईकडे पाहिलं, मग उठून खिडकी उघडली आणि रस्त्यातल्या खड्ड्यांपासून सुरुवात केली.