कुडाला लावलेल्या फांद्या

पनवेलच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी आमचं छोटं घर आहे. निवृत्तीनंतर खांदा कॉलनीतला फ्लॅट मुलाला देऊन आम्ही नवराबायको इथे आलो आणि मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की इथे कुऱ्हाड चालणार नाही. आठ वर्षांत कुंपणाच्या आत असं रान माजलं की पाहुण्यांना दाखवताना माझी छाती फुगायची.

कुंपणापलीकडे एका कातकरी बाईचं घर होतं, कारवीच्या काठ्या लिंपून केलेल्या कुडाच्या भिंतींचं. दिवाळीनंतर ती घर बंद करून नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायची, ती पावसाच्या तोंडावर परतायची. निघताना घराभोवतीचं गवत मुळापासून खरवडून काढायची आणि दरवर्षी मला सांगायची की दादा, झाडं जरा विरळ करा, वणवा आला तर तुमच्या रानातून माझ्या घरात शिरेल. मी तिला पर्यावरण शिकवायचो. जिचा जन्म रानात गेला तिला! ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा गवत खरवडू लागायची.

गेल्या उन्हाळ्यात समोरचा डोंगर जळताना पाहिला आणि तिचं म्हणणं पटलं. या वेळी ती निघायच्या आधी मीच तिला बोलावलं. खालच्या फांद्या पुरुषभर उंचीपर्यंत छाटायच्या, दाटीतलं एकच झाड ठेवायचं, पाचोळा झाडून टाकायचा, हे तिने एका सकाळी दाखवलं आणि ती भट्टीवर गेली. पुढचे पंधरा दिवस मी कोयता चालवला. तोडलेलं फेकून देणं मात्र जिवावर आलं. इकडे पावसाआधी फांद्या जाळून रोपांची जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. तिचाही उतारावर नाचणीचा तुकडा होता. आल्या आल्या तिला राबाला आयत्या फांद्या मिळाव्यात म्हणून मी त्या तिच्या कुडाला लावून रचल्या आणि स्वतःवरच खूश झालो.

चैत्रात भर दुपारी वणवा उतरला. माझ्या झाडांखाली त्याला खायला काही उरलं नव्हतं, तिथे तो विझला. ठिणग्या मात्र वाऱ्याने उडून त्या वाळल्या ढिगात पडल्या. आम्ही दोघं नळीने पाणी मारत राहिलो, पण कूड, छप्पर, आतलं धान्य, काही वाचलं नाही.

निरोप मिळताच ती आली. जवळच्या कातकरी वाडीतले सगळे म्हणाले, आग डोंगरावरून आली. मी गप्प बसलो. तुमचं घर वाचलं हे बरं झालं, असं तीच मला म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती राखेतून भांडी काढत होती, तेव्हा मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"त्या फांद्या मी तुमच्या कुडाला लावून ठेवल्या होत्या," मी म्हणालो. "आग त्यांनीच आणली."

तिने हातातलं काळं पातेलं बाजूला ठेवलं.

"ठाव हाय, दादा. राख तितंच जाड हाय. तुमी सांगता का नाय, तेच बगत होते."