आधी बसवायचं, मग हसवायचं

गोजरा माझी पाठची बहीण, माझ्याहून चार वर्षांनी लहान. रिहे गावातल्या आमच्या घरात हसणारी माणसं पुष्कळ होती, पण गोजरासारखं हसणारं कुणी नव्हतं. ती आधी नाकातून हसे, मग खांद्यांतून, मग सगळं अंगच हसायला लागे. आणि तिला हसवणारा मी. सातवी पास झालो, पुढं शिकायची सोय नव्हती, तेव्हा डोक्यात उरलेली सगळी जागा मी गोष्टींना दिली.

तिची लाडकी गोष्ट कुशाबा धनगराची. कुशाबा मुलगी बघायला गेला. नवा पटका, शेमला पाठीवर सोडलेला, ओसरीवर ऐटीत बसलेला. मागं खुंटीला मुलीच्या बापाची शेळी. बोलणी रंगली तशी शेळीनं शेमला तोंडात घेतला. तेवढ्यात आतून मुलीचे आजोबा आले. कुशाबा रामराम घालायला अदबीनं उठला, शेळीही उठली. हा पुढं वाकला, शेळी ओढली गेली, दावं तुटलं आणि दोघं मिळून आजोबांच्या पायांवर. आजोबा डोळ्यांनी अधू. त्यांनी दोघांच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "ह्यातला नवरदेव कंचा?"

लिहितानाही मला हसू येतंय बघा. पण ह्याच गोष्टीवर गोजरा पहिल्यांदा पडली.

बावन्न सालची गोष्ट. ती पंधरा वर्षांची, डोक्यावर पाण्याची घागर, आणि मी अंगणात तिच्यामागून चालत हेच सांगत होतो. 'नवरदेव कंचा' म्हणालो आणि तिचे गुडघे एकदम ढिले पडले. घागर एकीकडं, ती एकीकडं. डोळे उघडे, पण मान धरवेना. मिनिटभरानं उठली. हसून हसून पडली म्हणून आम्ही आणखी हसलो. मीही.

मग झोप आली. भाकरी थापताना झोप, बोलता बोलता झोप. एकदा पहाटे जात्याचा आवाज वेगळा यायला लागला म्हणून आईनं जाऊन पाहिलं. जात्यात दाणा संपलेला, दगडावर दगड घासतोय, खुंटा फिरतोय आणि गोजरा बसल्या बसल्या झोपलेली. हात तेवढे जागे. आई म्हणाली, "वय हाय. लग्न झालं की आपसूक जाईल."

लग्न झालं, गेलं नाही. नांदे गावचा हैबतराव, भाताच्या चार खाचरांचा धनी, माणूस वाईट नव्हता. घरात तो आणि त्याची आई तुळजाबाई. दोन वर्षांनी मुलगी झाली, अंबू. अंबू झाली आणि सगळ्यांना भीती वाटायला लागली. ही पोरीला पाजताना झोपायची. एकदा चुलीपाशी झोपली आणि लुगड्याचा पदर जळाला. देवरुषी झाला, मिरच्यांची धुरी झाली. धुरीतही ती झोपली, तेव्हा देवरुषी स्वतःच खोकत बाहेर आला.

हैबतरावानं मला बोलावून सांगितलं, "नथूभाऊ, एकडाव पुन्याला दावा. न्हाईतर मग तुमची बहीन तुमच्याकडं. पोरगी मी देनार न्हाई."

गोजरा दाराआड उभी होती. तिनं अंबूला उचलून इतकं घट्ट धरलं की पोर रडायला लागली.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात चार खेटे झाले. चौथ्या खेपेला एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी जीभ बघितली नाही, पोट दाबलं नाही. एकच विचारलं, "हसल्यावर पायांतलं बळ जातं का?"

मी उडालोच. "जातं की साहेब! तुमाला कसं कळलं?"

डॉक्टर तिथल्या थोरात सिस्टरांना म्हणाले, "बघूया." आणि माझ्याकडं वळून, "तुम्हाला येतं का हिला हसवता? हसवा."

भर वॉर्डात, वीस आजाऱ्यांच्या समोर, मी कुशाबाला मुलगी बघायला नेलं. शेळीपर्यंत आलो तेव्हा शेजारच्या खाटेवरची म्हातारी टाके दाबून हसत होती. गोजरा ओठ चावत उभी. 'नवरदेव कंचा' म्हणताच ती खचली. सिस्टर मागं तयारच होत्या, त्यांनी काखेत हात घालून अलगद खाली बसवली. स्वतः हसत होत्या आणि हसता हसता तिची नाडी मोजत होत्या.

"आता हिला सगळं ऐकू येतंय," डॉक्टर म्हणाले. "ही बेशुद्ध नाही. फक्त अंग हलत नाही. झोपेचाच आजार आहे हा. आळस नाही, बाहेरचं काही नाही. बरा होत नाही, सांभाळावा लागतो."

माझ्या आयुष्यात एखाद्या आजाराचं नाव ऐकून इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. आळस नाही! ते वाक्य मी नांद्यापर्यंत तोंडात घोळवत आलो.

गोळी एफेड्रिनची. सांभाळायचं कसं ते सिस्टरांनी मला खाली बसवून शिकवलं, कारण मला लिहिता येत होतं; मी सगळं वहीत उतरवून घेतलं. सकाळी आधी भाकरी, मग गोळी, कारण गोळीनं भूक मरते. दुसरी दुपारी. दिवस कलल्यावर अजिबात नाही, रात्रीची झोप उडेल. छातीत धडधडलं, हात थरथरले तर थेट घेऊन या. जेवणानंतर घटकाभर मुद्दाम झोपवायचं, येईल तेव्हा नाही, नेमानं. विहिरीवर एकटी नाही, चुलीपाशी एकटी नाही. तान्हं अंगावर घ्यायचं ते भुईवर बसून आणि कुणीतरी जवळ असताना.

"आणि गोळी झोप आवरेल," सिस्टर म्हणाल्या, "गुडघे नाही आवरणार. तुमच्यासारखा भाऊ आहे म्हणून सांगते. आधी बसवायचं, मग हसवायचं."

गोळ्यांनी काम केलं. तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा गोजरा जागी होती. मी महिन्याच्या महिन्याला यष्टीनं पुण्याला जाऊन गोळ्या आणायचो आणि नांद्याला पोचवायचो. अंबू 'मामा' म्हणायला शिकली. हैबतराव एकदा म्हणाला, "माज्या घरात मानूस आल्यागत वाटतंय." ते मी वहीत लिहून ठेवलं होतं.

एका महिन्यात शेतीच्या कामामुळं मला जमलं नाही. हैबतराव चिठ्ठी घेऊन पौडाच्या औषधवाल्याकडं गेला. तो चिठ्ठी वाचून म्हणाला, "ही गोळी दम्याला देत्यात. घरात दमा कुनाला हाय?"

दमा तुळजाबाईला होता. जुना, पावसाळ्यात बसू न देणारा. औषधवाला खोटं बोलला नव्हता, दम्यालाही तीच गोळी देत. पण हैबतरावाच्या मनात ते उलटंच बसलं. पुण्याच्या डॉक्टरानं झोपेला दम्याची गोळी दिली, म्हणजे त्यालाही रोग सापडलेला नाही, उगाच काहीतरी देऊन वाटेला लावलं. आणि तुळजाबाईनं एक गोळी घेऊन पाहिली, तर तासाभरात तिची छाती मोकळी झाली.

मला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

अठ्ठावन्नच्या आषाढात मी नांद्याला गेलो तेव्हा खाचरात लावणी चालली होती. लांबूनच मला बायकांचा गलका ऐकू आला. बांधावर पोचलो तर हैबतराव अंबूला पालथी धरून तिच्या पाठीवर थापा मारत होता. पोरीच्या नाकातोंडातून गाळ येत होता. मग ती रडली. ते रडणं ऐकून सगळ्या बायका मटकन खाली बसल्या.

गोजरा पोरीला पाजायला बांधावर बसली होती. बसल्या जागी झोप लागली, अंबू मांडीवरून घसरून खाचरात पालथी पडली. दोन वर्षांचं पोर, वीतभर पाणी. लावणीच्या बाईनं बघितलं म्हणून वाचली.

मी गोजराला धरून गदागदा हलवलं. "गोळी घेतली व्हतीस का न्हाई?"

तिनं मान फिरवून सासूकडं पाहिलं. मीही तुळजाबाईकडं पाहिलं. ती पोतं पांघरून बांधावरच्या झोपडीच्या दाराशी बसली होती. माझ्याकडं न बघता ती मातीत बोटानं रेघा ओढत राहिली.

तेव्हा गोजरा म्हणाली, "दादा, पावसानं आत्याबाईंचा श्वास अडकायचा. डोळं पांढरं व्हायचं. माजी काय, नुसती झोपच व्हती."

पावसाळा लागल्यापासून तिनं एक-एक करून बहुतेक गोळ्या सासूला दिल्या होत्या. कुणी मागितल्या नव्हत्या, आणि कुणी नकोही म्हटलं नव्हतं.

मी हैबतरावाला सांगितलं, "दाजी, दोघींना पुरतील एवढ्या आनतो. माज्या डोळ्यांदेखत जागी व्हती ती, तुमी सोता म्हनला व्हता."

"म्हनलो व्हतो," तो म्हणाला. अंबूला त्यानं खांद्यावरून खाली ठेवलं नाही. "आज पोरगी गेली असती. घिवून जा बहिनीला."

"आत्याबाई," मी तुळजाबाईला म्हणालो, "तुमी तरी सांगा. गोळी घेतली की ही जागी ऱ्हाती, तुमाला ठावं हाय."

तुळजाबाईनं तोंड उघडलं. पण धाप लागली, की लागल्यासारखं केलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

निघताना गोजरा सासूच्या पाया पडली. मला वाटलं, रीत पाळतेय. पण वाकल्या वाकल्या तिनं उरलेल्या गोळ्यांची पुडी म्हातारीच्या पदराला बांधली. वाटेत मी तिच्यावर फार ओरडलो. माझं ओरडणं चालू असताना ती चालता चालताच झोपली. मी हात धरून तिला चालवत घरी आणली.

पुढं पाच वर्षं ती माझ्याकडं होती. मी सिस्टरांची वही पाळली. आधी भाकरी मग गोळी, जेवणानंतर नेमाची झोप. तिला निवडण-टिपण दिलं, सूप दिलं, विहीर दिली नाही. घरात नियमच झाला होता. मी काही सांगायला लागलो की माझी बायको चंद्रा आधी हाक मारायची, "वन्सं, बसून घ्या, ह्यांचं तोंड उघडलंय." मग गोजरा भिंतीला टेकून बसायची, मी सांगायचो, ती हसायची, मान छातीवर पडायची, आणि मिनिटभरानं वर येऊन म्हणायची, "पुढं?"

पण दर सणाला ती रस्त्याकडं तोंड करून बसे. हैबतरावानं दुसरी केली होती. अंबूला पाठवा म्हणून मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.

त्रेसष्ट सालच्या मार्गशीर्षात कुशाबा मेंढरं घेऊन नांद्याकडून आला. तोच कुशाबा. तो म्हणाला, "तुळजाबाई गेली. जाताना लेकाकडनं वचन घेतलं, पोरीला एकडाव आई दावायची म्हनून. सोमवारी घोटावड्याला ये, हैबती पोरगी तुज्या हाती देतोय. सांजेला म्हागारी न्हेऊन सोडायची."

आता माझा स्वभाव बघा. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. चंद्रालासुद्धा नाही. चांगली गोष्ट शेवटाला ठेवायची, तोवर ऐकणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही, ही माझी जन्माची खोड. मला गोजराचं तोंड बघायचं होतं.

अंबू सात वर्षांची, काटक, नाक हुबेहूब आईचं. घोटावड्याहून येताना वाटभर मी तिला शेळीची गोष्ट सांगितली. ती आधी नाकातून हसली, मग खांद्यांतून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "तुजी आय बी अशीच हसती." तिचं हसू ओसरलं. मग हळूच म्हणाली, "ती पोरं टाकून देती का?"

"कोन म्हनलं?"

"समदी."

"चल, तूच बग."

गोजरा दारात सूप घेऊन उभी होती, तांदूळ पाखडत. मी अंबूला माझ्या मागं लपवलं, अंगणाच्या मधोमध आलो आणि बाजूला सरकलो.

"गोजरे, कोन आलंय बग!"

तिनं पाहिलं. ओळखायला क्षणही लागला नाही. तोंडभर हसू पसरलं आणि त्या हसण्यासकट ती कोसळली. सूप उडालं, तांदूळ अंगणभर. डोकं उंबऱ्यावर आपटलं, मान एका बाजूला, डोळे अर्धे उघडे, तोंडातून लाळ.

अंबू किंचाळली. "मेली! ही मेली! मला घरी न्या!"

"न्हाई बाळा, उठंल आता, आनंदानं झालंय तिला..." मी सांगत होतो, पण पोर माझ्या हाताला चावून वेशीकडं पळत सुटली. चंद्रा तिच्यामागं धावली. मी गोजराचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या एका डोळ्यातून पाणी वाहत होतं. दुसरं काही हलत नव्हतं. आणि वेशीवरून आवाज येतच होता, "मला न्हाई ती आय नगं!"

नेहमी मिनिटभरात उठायची. त्या दिवशी उठायला फार वेळ लागला. उठली ती धडपडत वेशीकडं निघाली. अंबूनं तिला येताना पाहिलं आणि चंद्राच्या लुगड्यात तोंड खुपसून अशी थरथरायला लागली की गोजरा वाटेतच थांबली. वीस पावलांवर. तिथूनच तिनं मला हात केला, न्हे म्हणून. सांजेची वाटही मी बघितली नाही, दुपारीच पोरीला घोटावड्याला नेऊन सोडली.

परत आलो तेव्हा तांदूळ निवडून सुपात भरलेले होते. कपाळाला हळद लावलेली. मला वाटलं, ती मला शिव्या घालील. घालायला हव्या होत्या. एवढ्या वर्षांत वहीत एकच ओळ मी ठळक गिरवली होती, आणि नेमकी तीच विसरलो होतो.

"मला समदं ऐकू येत व्हतं," ती एवढंच म्हणाली.

मग ती आपणहून भिंतीशी गेली, पाठ टेकून बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "दादा, शेळीची सांग."

मी सांगितली. पटका सांगितला, शेमला सांगितला, आजोबांना आतून आणलं, दोघांना त्यांच्या पायांवर पाडलं. एकही जागा गाळली नाही. शेवटी विचारलं, "ह्यातला नवरदेव कंचा?"

गोजरा माझ्याकडं बघत होती. पूर्ण जागी, ओठ मिटलेले. मान ताठ, हात मांडीवर, गुडघे जिथल्या तिथं.

त्यानंतर ती सहा वर्षं जगली. मी तिला रोज गोळी दिली, रोज काहीतरी सांगितलं. ती पुन्हा कधी पडली नाही.