काळं न पडणारं नाणं

श्री. जयवंतभाई कारापूरकर यांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथात नाणेशास्त्रातले मोठे जाणकार लिहिणार आहेत. त्यांच्या पंक्तीत मला कशाला बसवलं, असं मी संपादकांना विचारलं. मी पेडण्याच्या एका शाळेत भूगोल शिकवते. ‘भाईंकडे तुम्ही पहिल्यांदा कशा गेलात, तेवढंच लिहा,’ असं ते म्हणाले. तेवढंच लिहायचं तरी मला माझ्या वडिलांपासून सुरुवात करावी लागेल.

आमचं घर चोपड्याला, शापोरा नदीच्या काठावर. बाबा होडी घेऊन मासेमारीला जायचे. त्यांच्या कमरेच्या काळ्या करगोट्यात पोर्तुगीज अमदानीतला चांदीचा एक रुपया ओवलेला असे. गावच्या सोनाराने भोक पाडताना हात चुकवला होता, त्यामुळे ते राजाच्या कपाळातच पडलं होतं. मी लहान असताना एका सकाळी बाबा नदीत गेले आणि परत आले नाहीत. मोरजीच्या बाजूला, नदी समुद्राला मिळते तिथे, होडी उपडी सापडली. बाबा सापडले नाहीत. आईने कुंकू पुसलं नाही. भावकीने दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायचा आग्रह धरला, तेव्हा तिने त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

कित्येक वर्षं गेली. आमच्याकडे बांधावरच्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, वर्षातून एकदा रोट, जाड भाकरीचा नैवेद्य, द्यायची रीत आहे. त्या वर्षी आई रोट आणि विडी ठेवायला सकाळी बांधावर गेली, तर राखणदाराच्या धोंड्यावर तो रुपया. ओला. करगोटा नव्हता, पण कपाळातलं भोक तेच. आईने तिथूनच काकीला हाक मारली.

पुढे जे झालं ते आमच्याच घरात होऊ शकतं. राखणदाराकडची वस्तू तशीच घरात घ्यायची नाही, म्हणून काकीने भिणसोलं, म्हणजे आमसुलं, आणि राख घेऊन तो रुपया देवाच्या समईसारखा लख्ख घासला. भावकी पुन्हा गोळा झाली. दर्याने वस्तू परत दिली, आता तरी क्रिया करा, असं सगळ्यांचं म्हणणं. आई म्हणाली, हे नाणं दर्यातून आलंय हे मला कुणीतरी जाणत्याने सांगू दे, मग मी कुंकू पुसते.

म्हापशाच्या एका व्यापाऱ्याने रुपया तराजूत टाकून सांगितलं की भोक पडलेलं, वर घासलेलं, याला चांदीच्या वजनापलीकडे भाव नाही. त्यानेच डिचोलीचा पत्ता दिला. अशी मी जयवंतभाईंच्या दारात उभी राहिले.

भाईंची सारी नोकरी खाणीच्या प्रयोगशाळेत गेली. मातीचा नमुना पाहून त्यात लोखंड किती, हे ओळखण्याचं काम. नाण्यांचा नाद तेव्हापासूनचा. त्यांनी माझा रुपया कडेला दोन बोटांनी धरला, उत्तरेच्या खिडकीशी नेला, भिंग डोळ्याला लावलं आणि त्यांचा चेहरा एकदम पडला.

“कोणें घांसलें हें?”

“काकीन. घरांत हाडचे आदीं.”

“खंय आशिल्लें तें सांगपाक हाका तोंड आशिल्लें, बाय. तुमी तें पुसून उडयलें.”

जुन्या नाण्यावरचा काळेपणा हा मळ नसतो, ते नाणं कुठे होतं, किती वापरलं गेलं हे सारं त्यात असतं, हा भाईंकडून मिळालेला माझा पहिला धडा. नाणी दाखवायला भाईंकडे जमलेले लोक हसले. भाई हसले नाहीत. मी त्यांना बाबांचं सगळं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते बस बदलत स्वतः चोपड्याला आले. येताना पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव घेऊन आले, कारण अशा घरात रिकाम्या हाताने जाऊ नये, असं त्यांना वाटतं.

आईने चहासुद्धा विचारला नाही; बाबा आहेत की नाहीत, एवढंच तिला हवं होतं. “भाई, तो आसा काय ना, तितलेंच सांगात.”

“वयनी, मनशाचें म्हाका कळना. नाण्याचें कळटा. खाऱ्या उदकांत इतलीं वर्सां रावलें जाल्यार चांदी किडलेल्या दांतासारखी जाता. तें कितलेंय घांसलें तरी वचना. हें नाणें दर्यांत पडून रावूंक ना.”

“मागीर खंय आशिल्लें?”

नाणं समुद्रात पडून नव्हतं एवढं भाईंना कळलं होतं, मग ते कुठे होतं याचा पुरावा काकीने घासून टाकला होता. खोटा धीर देणं त्यांना सहज जमलं असतं, आणि भावकीच्या मनासारखं बोलणंही. त्यांनी दोन्ही केलं नाही. ते म्हणाले, “पयलीं हें काळें जांव दी. मागीर पळोवया.”

आमच्या खाऱ्या हवेत चांदी वर्षभरात काळवंडते. अंगाला, दोऱ्याला घासत राहते तिथेच फक्त ती उजळ राहते. भाईंनी रुपया नव्या करगोट्यात ओवून देवांच्या खोलीत खिळ्याला टांगायला लावला. वर्षाने आले. रुपया काळा झाला होता. फक्त भोकाची वरची कड, जिथे दोरा बसतो तिथे, कालच घासल्यासारखी चकाकत होती. आणि राजाचा गाल, जो माणसाच्या कातडीकडे असतो, तोही.

मला वाटलं, आईच तो गुपचूप कमरेला बांधते. भाईंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी फार हळू आवाजात तिला विचारलं. आई चिडली नाही. “हांव कित्याक हात लावूं? तें ताचें,” म्हणाली.

मग भाईंनी खाणीतले नमुने बंद करायची आपली जुनी रीत काढली. काचेची बरणी आणली, रुपया करगोट्यासकट आत टांगला, झाकण लाखेने बंद केलं आणि लाखेवर आपल्या अंगठ्याचा ठसा उठवला. दरवर्षी रोटाच्या सुमारास ते येतात, ठसा तपासतात, लाख फोडतात, खिडकीशी उभे राहतात. ठसा कधी मोडलेला नसतो. कड कधी काळी नसते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भाईंनी पुन्हा पाहिलं, पुन्हा लाख लावली आणि आईला जे दिसलं ते सांगितलं. कारण काय, हे मला ठाऊक नाही, असंही सांगितलं.

या माणसाचा सच्चेपणा कसा, ते सांगायला आणखी एक गोष्ट पुरेल. नाण्याची ही हकीकत कानावर गेलेला एक हौशी संग्राहक भाईंच्या घरी आला आणि तुम्ही म्हणाल तो भाव देतो म्हणाला. मी तिथेच होते. भाईंनी त्याला कॉफी दिली आणि म्हणाले, “जें अजून वापरांत आसा, तें जुनें नाणें न्हय. ताची किंमत करपाची आमकां सत्ता ना.” गृहस्थ कॉफी अर्धी टाकून गेले.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. भावकीतल्या बायका तिला कुठली साडी नेसवायची म्हणून माझ्याकडे बघत राहिल्या. भाई बाहेर खळ्यात उभे होते; मी त्यांच्याकडे पाहिलं. नाणं अजून काळं झालं नव्हतं, म्हणून त्यांनी होकाराची मान हलवली एवढंच. आई हिरव्या साडीत, भरल्या कपाळाने, सवाशीण म्हणून गेली. भाईंच्या एका शब्दाने तिला आयुष्यभर जे मिळालं, त्याचे आभार कसे मानतात ते मला माहीत नाही.

आई गेल्यावर हे थांबेल, असं मला वाटलं होतं. या वर्षीही भाई आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते, मुलगा नको म्हणत होता, तरी आले. लाख फोडली. खिडकीशी उभे राहिले. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, “अजून झिजता, बाय.”

भाईंनी मला भिंग धरायला शिकवलंय. त्यांच्या शिष्यांत माझी गणना होते, याचा मला गर्व आहे. पण त्या एका नाण्याकडे मी भिंगातून बघत नाही. मला हवं तेच मला दिसेल. भाईंना जे आहे ते दिसतं.

म्हणून या शुभेच्छांत माझा उघड स्वार्थ आहे. जयवंतभाईंना शंभरी लाभो, त्यांचे डोळे धड राहोत, गुडघे बसची पायरी चढोत. एखाद्या वर्षी ते खिडकीशी उभे राहून ‘काळें जालें’ म्हणतील, त्या दिवशी मी बाबांची क्रिया करीन. ते शब्द मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून नकोत. तोवर माझे वडील कुठेतरी रोज सकाळी करगोटा आवळतात, आणि हे जाणणारा जगात एकच माणूस आहे.