धंदा बुडाला म्हणून दारावर आलेली माणसं

माझा केळीच्या धाग्याचा कारखाना बंद पडला, तेव्हा लोक आमच्या दारावर आले. दारावर येणं म्हणजे आमच्या खान्देशात मयताच्या घरी बसायला येणं. मान खाली घालून ओट्यावर बसायचं, चहापाणी घ्यायचं नाही, आणि जाताना 'येतो' म्हणायचं नाही, नुसतं उठायचं. हे सगळं त्यांनी चोख पाळलं. घरात आई, वडील आणि मी, तिघंही जिवंत होतो. मी तर समोरच बसलो होतो.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. चोपड्याला कॉलेजात होतो तेव्हापासून तेच केलं. केळीचा घड कापला की उरलेलं खोड आमचे शेतकरी बांधावर टाकतात, नाल्यात टाकतात, रस्त्याच्या कडेला टाकतात. ते सडतं, वास सुटतो, मोटरसायकली घसरतात. त्यावर मी बरीच पत्रकं काढली, भांडलो. लोक म्हणायचे, मग काय तुझ्या घरी आणून टाकायचं? मी म्हटलं, टाका. खोडातून धागा काढायचं मशीन आणलं, गावाबाहेर पत्र्याची शेड भाड्याने घेतली, गावातल्या तीन बायका कामाला घेतल्या. सुरुवातीला खोडांच्या ट्रॉल्या न बोलावता दारात येऊन रिकाम्या व्हायच्या. वर लोक म्हणायचे, पुण्याचं काम करतोस.

मग मी पत्रक काढलं. 'खोड हा कचरा नाही, खोड हे सोनं आहे.' खाली धाग्यापासून दोरखंड, चटया, कागद काय काय होतं ते लिहिलं. बाजाराच्या दिवशी उन्हात उभं राहून स्वतः वाटलं. आठवड्याच्या आत ट्रॉल्या बंद.

शेजारच्या शेतातले नाना आमच्या घरी रोज येणारे. त्यांच्या बांधावर ताजी खोडं रचलेली दिसली, म्हणून मी ट्रॅक्टर घेऊन गेलो. नाना बांधावरच बसले होते, राखण करत.

"आते नही, भाऊ," ते म्हणाले. "भाव यी, तव्हय देखसूत."

"नाना, हे खोड आहे. याला कसला भाव?"

"तूच लिखेल शे ना, सोनं शे म्हनीसन? मंग सोनं कोनी लगेच इकस का?"

आमच्याकडे कापूस असाच ठेवतात. वेचला की घरात भरायचा, पलंगाखाली, माळ्यावर, देवघराला टेकून. घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते, पण भाव आल्याशिवाय कापूस हलत नाही. कापूस थांबतो. खोड थांबत नाही. कापल्यावर दोन दिवसांत धागा काढला नाही तर ते काळं पडतं, मग त्याचं काहीही होत नाही. हे मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, "सडी त आमनं सडी. तुले काय?"

मी पैसे देऊ केले. त्याने आणखी बिघडलं. फुकट नेणारा आता पैसे देतो, म्हणजे आत मोठं घबाड असणार, असं गावाने ठरवलं. गावोगाव खोडांचे ढीग लागले आणि भावाची वाट बघत सडले. शेडमधल्या बायका धागा वाळवायच्या रिकाम्या दोऱ्यांखाली बसून राहायच्या. त्यांतली एक अक्का मला म्हणाली, "सोनं कसाले लिखं, भाऊ? घान शे लिखतास, त बठ्ठा जन आनी टाकतात." बाकीच्या दोघी हसल्या. पुढच्या आठवड्यात मी शेडला कुलूप लावलं.

पत्रक चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. आपल्या हातून शेजाऱ्याचं बरं होण्यापेक्षा आपलं सडलेलं बरं, ही वृत्ती चुकीची आहे, आणि तिला भोळेपणा म्हणून कुरवाळणाऱ्यांची मला चीड येते.

तर ही सगळी मंडळी आमच्या ओट्यावर येऊन बसली होती. नानाही होते. उसासा टाकून ते आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाले, "पोऱ्या चांगला व्हता."

"अजून आहे, नाना," मी म्हटलं. कोणी वर बघितलं नाही.

धरणगावचे मामा मात्र कामाचं बोलायला आले होते. जळगावच्या एका पाइप कंपनीत त्यांची ओळख होती. "दाजी, सोमवारपासून येऊ दे याला," ते आबांना म्हणाले. "फक्त हे पत्रकं-बित्रकं, मोर्चे-बिर्चे कायमचं बंद. मी तसा शब्द दिलाय साहेबांना."

"मला न विचारता?"

"तुला विचारून काय झालं ते बघायलाच आलोय सगळे."

ओट्यावर माना हलल्या. आमच्या घरात आबांचा शब्द शेवटचा. ते हो म्हणाले असते तर आईने त्याच रात्री माझी बॅग भरली असती, आणि आईपुढे माझं काही चालत नाही. आबा खाली बघत होते. मी आत गेलो, चहा टाकला आणि ट्रे भरून ओट्यावर आणून ठेवला.

"दारावर चहा घेत नाहीत, भाच्या," मामा म्हणाले.

"मेलंय कोण, मामा?"

कोणी हात लावला नाही. चहावर साय धरायला लागली. मग आबांनी एक कप उचलला, बशीत ओतला आणि आवाज करत प्यायले.

"दाजी?"

"मेलं नही शे कोनी," आबा म्हणाले. "आन तो त्यान्हा शब्द सोता दी."

मामा उठले. "मग बसा दोघं खोडं सोलत." चपला घालून ते निघाले. त्यांच्या मागे एकेक जण उठला. आईने आतून दार जरा जोरात लोटलं.

मी आबांकडे बघितलं.

"देखू नको असा," आबा म्हणाले. "सकायपाईन चहा भेटना नही माले."

नाना एकटेच उरले होते. सगळे गेल्याची खात्री करून त्यांनी हात लांब केला आणि गार झालेला एक कप उचलला. मी त्यांना तो गरम करून दिला नाही.