अक्का किल्ली न देता धुळ्याला गेल्या

गुरुवारी सकाळी मी शेजारच्या अक्कांच्या दारासमोर पाट टाकून बसले होते आणि त्यांच्या कुलपात दोन बारीक सळया घालून खुडबूड करत होते... भर दिवसा, सगळ्या कॉलनीच्या डोळ्यांदेखत. जळगावात इतकी वर्षं काढली, पण आपल्यावर ही वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

थोडं मागचं सांगते. दिवाळीची आवराआवर करताना ड्रॉवरमध्ये एक कुलूप सापडलं होतं. लावलेलं, आणि किल्ली बेपत्ता. टाकवेना... म्हणून व्हिडिओ पाहिले, तेव्हा कळलं की किल्लीशिवाय कुलूप उघडणं हा चक्क छंद आहे, आणि तो करणारी माझ्यासारखी साधी माणसंच असतात.

मग आतलं सगळं दिसणारं एक पारदर्शक कुलूप आणि सळयांचा छोटा संच ऑनलाइन मागवला. कुलपात पिना असतात, त्या एकेक करून नेमक्या उंचीवर बसवायच्या. पीन बसली की बोटाला अगदी हलकंसं 'टिक' जाणवतं... पहिलं कुलूप उघडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी होते. नवरा डोकावून म्हणाला, "झालं? मग बँकेकडे कधी निघायचं?"

या छंदातले लोक दोन नियम पाळतात. कुलूप स्वतःचं हवं, नाहीतर मालकाची परवानगी हवी. आणि रोजच्या वापरातल्या कुलपावर प्रयोग करायचे नाहीत, कारण ते बिघडू शकतं. खरं सांगायचं तर नियम आहेत म्हणूनच मला हे शिकायला धीर आला.

एका संध्याकाळी दारापुढच्या ओट्यावर सराव करत होते. अक्का बघायला आल्या, समोरचे नानाही आले. कुलूप उघडलं तसे नाना म्हणाले, "वा ताई! म्हणजे आता गावाला जाताना आम्ही तुमच्याच घराला कुलूप लावून जायचं!" सगळे हसले. अक्का तर पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले... पण ते वाक्य रात्री पुन्हा आठवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अक्का धुळ्याला गेल्या. त्यांची लेक तिथे सासरी बाळंत झाली होती, तिला आणि बाळाला माहेरी आणायचं होतं. एरवी कुठेही जाताना अक्का घराची किल्ली माझ्याकडे देतात. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे त्या नसल्या की त्यांचं पाणी मीच भरून ठेवते.

या वेळी किल्ली दिली नाही. रिक्षातून हात केला आणि गेल्या.

विसरल्या असतील, असं म्हणून पाहिलं. पण अक्का विसरणाऱ्यातल्या नाहीत... मग वाटलं, बरोबरच आहे त्यांचं. जिला कुणाचंही कुलूप उघडता येतं, तिच्या हाती घर कोण सोपवेल? पुढचे काही दिवस सळयांना हातही लावला नाही. फोन करून विचारावं, तर काय विचारणार?

गुरुवारी पाणी आलं, आणि त्यांचाच फोन आला. अक्का मूळच्या धुळ्याकडच्या, त्यामुळे माहेरच्या हवेत गेल्या की पक्की अहिराणी.

"वं माय, पाणी उनं का? बठ्ठं भरी ठेव. उद्या बाळले घी येस मी."

उद्या बाळाला घेऊन येतायत हे ऐकून बरं वाटलं, पण मी चाचरत म्हटलं, "अक्का, किल्ली?"

"तुले किल्ली कसाले जोयजे? तुले उघडता येस ना! मी देखेल शे."

किल्ली कशाला हवी म्हणे, मला उघडताना त्यांनी पाहिलंय! आमच्या नळाचा पाइप भिंतीवरून टाकावा, असंही मनात आलं... पण हंडे-कळशा तर आतच. "अक्का, कुलूप बिघडलं तर?" म्हटलं, तर म्हणाल्या, "बिघडू दे. लोखंडनंच शे."

मग पाट, सळया आणि फोन घेऊन बसले. परवानगी सगळ्यांना ऐकू जावी म्हणून स्पीकर चालू ठेवला. तेवढ्यात नाना दूध घेऊन येत होते, ते "अहो ताई, हे काय!" म्हणत थबकलेच. मी तोंड उघडायच्या आत फोनमधून आवाज आला, "मी सांगेल शे तिले! तू तुनं काम कर, नाना!"

नाना कसले जातात... दुधाची पिशवी घेऊन तिथेच पायरीवर बसले. पाणी जाईल या धास्तीनं घाई केली, सळई दोनदा निसटली. धुळ्याहून अक्का सांगत होत्या, "जोर लाव, जोर!" आणि नवशिक्याची चूक नेमकी तीच असते. शेवटी दोघांनाही गप्प बसायला सांगितलं, हात सैल सोडला... आणि कुलूप उघडलं.

आत गेले. मागच्या नळापाशी हंडे, कळशा, बादल्या घासूनपुसून ओळीनं मांडलेल्या होत्या. पहिल्या हंड्यावर गाळायचं फडकंसुद्धा घातलेलं. निघायच्या आधी अक्कांनी हे सगळं माझ्यासाठी तयार ठेवलं होतं... आणि मी इकडे काय काय समजून बसले होते!

दुसऱ्या दिवशी बाळ बघायला गेले, तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, मला वाटलं, नाना तसं बोलले म्हणून तुम्ही किल्ली..."

"येडी शे का तू?" एवढंच म्हणाल्या. बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

इतकंसं बाळ, मूठ घट्ट मिटून झोपलेलं. चहा येईपर्यंत मी मांडीसुद्धा हलवली नाही... आणि खूप दिवसांनी मनात कसलाही प्रश्न नव्हता.