बांधावरचं जांभूळ

माझ्या सासऱ्यांना गावात सगळे ‘मालक’ म्हणतात. लोकांनी थट्टेत सुरू केलं, त्यांनी मान म्हणून घेतलं. "ज्याची जमीन, त्याचा शब्द," हे त्यांचं रोजचं भाषण, तेही ऐन जेवताना. पर्यावरणवाल्यांचा विषय निघाला की हातातला घास हातातच. "ऑफिसात बसून ह्यांना झाडांची माया येते. मालकाइतकं कोण जपणार?" आणि जपायचे, ते मात्र खोटं नाही. बांधावरचं जांभूळ सासूबाईंनी लावलेलं. त्या गेल्यापासून मामंजींचा दुपारचा चहा तिथेच, खाट टाकून. नेऊन देणारी अर्थात मी.

गेल्या वर्षी पर्यावरण खात्याची एक मुलगी आली. म्हणाली, "एवढं मोठं झाड आहे, पाटी लावू. मग ते कोणालाच तोडता येणार नाही. फक्त मालकाची सही हवी."

मामंजींनी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. "कोणालाच म्हणजे मलाही नाही? माझ्या झाडाला सरकारची पाटी? चालू लागा." ती बिचारी गेली, आणि मामंजी आठवडाभर छाती फुगवून फिरले.

तेवढ्यावर थांबले तर ते मालक कसले. शेजाऱ्याने बांध कोरलाय असं ह्यांच्या डोक्यात शिरलं, म्हणून मोजणी मागवली. मी म्हटलं, "मामंजी, कशाला उगाच?" पण घरात माझं ऐकतंय कोण. मोजणीवाल्याने खुंटी ठोकली ती जांभळाच्या अलीकडे, खाटेच्या पायाशी. झाड गेलं शेजाऱ्याकडे.

शेजारी साधा माणूस. त्याला ट्रॅक्टर वळवायला जागा हवी होती. "उद्या झाड काढतो," म्हणाला. "माझ्या जमिनीत माझा शब्द, तुम्हीच सांगता ना." टोमणा नव्हता तो. त्याला ते खरंच पटलेलं होतं.

सकाळी करवतवाले आले. मामंजींनी चहाला हात लावला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या मुलीला फोन लाव. पाटी घेऊन ये म्हणावं."

मला हसूही येत होतं आणि रडूही. फोन लावला. ती चांगलं बोलली, जुनं काही काढलं नाही. एवढंच विचारलं, "मालक काय म्हणतात?"

मी फोन मामंजींपुढे धरला. त्यांनी घेतला नाही. वाकून खाट खुंटीपासून अलीकडे ओढली, उन्हात.

"सांग तिला," म्हणाले, "मालक पलीकडे राहतात."