फुकटचं लिनक्स आणि शेळके काकांची खुर्ची

चाकणच्या कुठल्याही कंपनीत दोन गोष्टी न मागता साठतात. एक स्क्रॅप आणि दुसरे किस्से. स्क्रॅप निदान महिन्यातून एकदा ट्रक येऊन उचलून नेतो. किस्से माझ्याकडेच पडून राहतात, कारण मी डॉक्युमेंट कंट्रोलला आहे. कंपनीत कागदाचा कपटा हलला तरी त्याची नोंद माझ्याकडे होते, आणि प्रत्येक कागदामागे कोणीतरी काहीतरी घोळ घातलेला असतोच!

आता लिनक्सचंच घ्या. आमची छोटी कंपनी, गाड्यांचे ब्रॅकेट बनवते. एका सोमवारी साहेबांनी जाहीर केलं, की यापुढे सगळ्या कॉम्प्युटरवर ओपन सोर्स. कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स फुकट, त्यावरचं पत्रं-हिशोबांचं ऑफिसही फुकट.

"आणि ट्रेनिंग, सर?" मी विचारलं.

साहेबांनी असं बघितलं, जसं काही मी जेवून वर दक्षिणा मागत होते.

"मॅडम, सॉफ्टवेअर फुकट म्हणजे शिकणंही फुकटच असणार ना? इंटरनेटवर शोधा की!"

पुढच्याच महिन्यात कस्टमरकडून आमचं ऑडिट होतं. ऑडिटर आला की आधी भिंतीवरचा स्किल मॅट्रिक्स बघतो. हा एक मोठा तक्ता असतो, त्यात प्रत्येकाच्या नावापुढे एक गोल. पाव गोल भरलेला असेल तर माणसाला नुसती माहिती आहे. अर्धा असेल तर कोणी शेजारी उभं राहिलं की जमतं. पाऊण म्हणजे एकट्याला जमतं, आणि पूर्ण गोल म्हणजे तो दुसऱ्यालाही शिकवू शकतो. साहेबांचा हुकूम निघाला, की प्रत्येक खात्यात लिनक्सचा एक तरी पूर्ण गोल पाहिजे.

आमच्या स्टोअर खात्यात माणूस एकच, शेळके काका. शेजारच्याच गावचे, डोक्यावर पांढरी टोपी, रिटायरमेंटला दोन वर्षं. पंख्याखाली त्यांची एक खुर्ची आहे, तिच्यावर दुसरं कोणी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"काका, गोल भरला नाही तर स्टोअरला दुसरा माणूस घेईन आणि तुम्हाला गेटवर पाठवीन," साहेब म्हणाले.

काकांचा चेहराच उतरला. "गेटवर बसाया माझी ना न्हाई साहेब. पण गेटचा सुपरवायझर आमचा जावई हाय!"

जो जावई घरी आला की काका स्वतः उठून त्याच्या हातावर पाणी घालतात, त्याच्याकडे उद्या अर्ध्या दिवसाची सुट्टी मागायची? मला खरंच वाईट वाटलं. मी म्हटलं, काका, काळजी करू नका, शोधू आपण काहीतरी.

* * *

पहिलं सापडलं ते मॅन्युअल. चारशे पानी, इंग्रजी, रीतसर फुकट. तीस वर्षं मालासोबतची चलनं वाचून काकांचं इंग्रजी तसं पक्कं झालेलं. मी प्रिंट काढली, बाइंडिंग केलं, कंट्रोल्ड कॉपीचा शिक्का मारला आणि स्टोअरला नेऊन दिलं.

काकांनी हात लावला नाही. "चलन?"

"अहो काका, पुस्तक आहे. वाचायचंय."

"ताई, स्टोअरला वस्तू आली की आधी चलन बघून इन्वर्डची नोंद, मग इन्स्पेक्शन, मग रॅक."

मुकाट्याने चलन करून दिलं. दोन तासांनी मॅन्युअल परत माझ्या टेबलावर, वर लाल टॅग. रिजेक्ट!

"काय झालं काका?"

"चौथं पान कोरं निघालं."

"त्यावर बारीक अक्षरात लिहिलंय बघा, हे पान मुद्दाम कोरं सोडलं आहे."

"तेच म्हनतोय मी! म्हंजी डिफेक्ट त्यांना ठावं हाय, तरी माल पाठवलाय. सगळा लॉट परत करा!"

पुस्तक जगभरच्या लोकांनी मिळून फुकट लिहिलेलं. परत करणार कोणाला?

* * *

मग मेंटेनन्सच्या सचिनने सूत्रं हातात घेतली. सचिन जालन्याचा, कशालाही न घाबरणारा. लिनक्स टाकल्यावर स्टोअरचा लेबल प्रिंटर रुसला होता.

"मॅडम, कामून टेन्शन घ्यायलात? नेटवर फोरम असते. आपण विचारायचं, लोक फुकट सांगतेत," तो म्हणाला.

प्रश्न टाकला. तासाभरात कुठल्यातरी थंड देशातल्या एका भल्या माणसाचं उत्तर आलं, की प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, जुना आहे. इथे कोणीही थँक्यू म्हणून गप्प बसला असता. पण सचिनला सवय व्हेंडरशी, म्हणजे माल पुरवणाऱ्यांशी बोलायची. बिघाड झाला की आमच्याकडे व्हेंडरला पाच वेळा 'का' विचारतात, मुळापर्यंत जाण्यासाठी. त्याने त्याही बिचाऱ्याला विचारायला सुरुवात केली. ड्रायव्हर जुना का? नवा का आला नाही? कोणी बनवला का नाही?

चौथ्या 'का'पर्यंत तो माणूस शांतपणे उत्तरं देत होता. पाचव्याला त्याने लिहिलं, "कारण मी सुट्टीवर आहे आणि माझी बायको हाका मारते आहे."

सचिनने लगेच टाइप केलं, "रूट कॉज समजलं. करेक्टिव्ह अ‍ॅक्शन चोवीस तासांत पाठवा."

मी कपाळावर हात मारला. फुकट मदत करणाऱ्याला कोणी अशी नोटीस काढतं का? पण खरं सांगते, दुसऱ्या दिवशी त्या माणसाने नवा ड्रायव्हर लिहून पाठवला, सोबत उशिराबद्दल माफीही मागितली होती!

प्रिंटर सुरू झाला. काकांचा गोल मात्र अजून कोराच होता.

* * *

मग मला मराठीतले व्हिडिओ सापडले. दहा-दहा मिनिटांचे धडे, एक बाई शांत आवाजात समजावून सांगतात. काकांना ते फार आवडले. "बाई लई शिस्तीत बोलती. आमच्या शाळेत आशी एक असती तर मी कलेक्टर झालो असतो," असं ते म्हणाले.

मी निश्चिंत मनाने मीटिंगला गेले. तीन तासांनी परत आले तर काका स्क्रीनसमोर हाताची घडी घालून बसलेले. व्हिडिओ तिसऱ्या मिनिटाला थांबलेला.

"काका, झालं का सगळं?"

"न्हाई ना. बाई म्हनली, इथं व्हिडिओ थांबवा आन् सराव करा. थांबवला. सराव बी केला, चार येळा."

"मग पुढे?"

"सुरू करा म्हनलीच न्हाई की अजून!"

* * *

शेवटी मला कळलं, की वाकडला दर रविवारी आयटीतली काही मुलं-मुली जमतात आणि येईल त्याला लिनक्स आणि ऑफिस शिकवतात, तेही फुकट. मी पिंपळे सौदागरला राहते, म्हणजे मला ते जवळच. काका चाकणहून आले. सोबत पोतं!

"हे काय?"

"कांदं हायती. पोरं फुकट शिकवणार आन् आमी मोकळ्या हातानं जायाचं व्हय?"

तिथे पाच जण होते. एसी हॉल, लॅपटॉप, आणि मधोमध चाकणचा कांदा. मुलांनी आधी नको नको केलं, मग पिशव्या शोधल्या, आणि मग इतकं मन लावून शिकवलं की काय सांगू! त्या दिवशी काकांनी पहिल्यांदा स्वतःची शीट उघडली, नटबोल्टचा स्टॉक टाकला आणि बेरीज लावली. बेरीज बरोबर आली तेव्हा त्यांनी टोपी काढून स्क्रीनला हात जोडले. माझे डोळे भरून आले.

पुढच्या रविवारी काकांनी पुन्हा पोतं नेलं. या वेळी शिकवायला एकतीस जण हजर होते. शिकायला आम्ही दोघंच!

* * *

आता काकांचा पाऊण गोल भरला. सगळं एकट्याने जमायला लागलं. पण साहेबांना हवा होता पूर्ण. त्यासाठी काकांनी कोणाला तरी शिकवायचं, त्याची दहा मार्कांची परीक्षा घ्यायची आणि तो पेपर ऑडिटरला दाखवायचा. ऑडिटला राहिले चार दिवस. लाइनवरचा माणूस प्रॉडक्शनवाले सोडेनात. अख्ख्या कंपनीत रिकामा वेळ कोणाकडे होता, तर दोन ट्रकच्या मध्ये गेटवर.

म्हणजे जावयाकडे!

गणेशराव तसे सज्जन माणूस. सांगितलेल्या वेळेला आले. काका उठून उभे राहिले आणि आपल्या हातांनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं. मी दारातून बघत होते.

"जावईबापू, फाइल उघडायची आसंल तर हितं..."

गणेशरावांनी माऊसला हात लावला.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या! तुमी कशाला तरास घेताय? मी उघडतो. तुमी च्या घ्या."

तिन्ही दिवस शिकवणी अशीच चालली. काका उभ्याने काम करत होते आणि गणेशराव चहा पीत होते. चौथ्या दिवशी काकांनी परीक्षेचा पेपर माझ्याकडे फाइल करायला आणून दिला. दहापैकी दहा. मी काकांकडे बघितलं, त्यांनी पंख्याकडे बघितलं.

ऑडिटर आले ते पुण्याचे, जाड चष्म्याचे. सकाळपासून एकदाही हसले नव्हते. स्टोअरला आले. काकांनी फडाफडा शीट उघडली, स्टॉक दाखवला, लेबल छापून हातात दिलं. ऑडिटरने मान डोलावली. साहेब खूश!

"आणि यांनी कोणाला शिकवलंय? त्यांना बोलवा."

गणेशराव गेटवरून आले.

"ही स्टॉकची फाइल उघडून दाखवा."

गणेशराव बसले. त्यांनी माऊस उचलला, खालून बघितला, खिशातल्या रुमालाने पुसला आणि परत जागेवर ठेवला. मग सासऱ्याकडे बघितलं.

ऑडिटरने पेपर पुढे केला. "दहापैकी दहा. हे मार्क तुम्ही दिलेत?"

"व्हय," काका म्हणाले.

"यांना फाइलसुद्धा उघडता येत नाही. हे रेकॉर्ड खोटं आहे. याचा अर्थ कळतो का तुम्हाला?"

साहेब लालबुंद झाले होते. खोट्या रेकॉर्डची नोंद झाली असती तर खुर्ची गेलीच होती, आणि पहिल्या तारखेपासून काका गेटवर, जावयाच्या हाताखाली.

काकांनी टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, एक इचारू? तुमचं लगीन झालंय का?"

"झालंय. त्याचा इथे काय संबंध?"

"मग तुमीच सांगा. आमच्यात जावयाला नापास करायची रीत न्हाई. तुमच्या सासऱ्यानं तुमाला किती मार्क दिलं आसतं?"

ऑडिटरने पेपर परत हातात घेतला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दहापैकी दहा," पेपरवरचे मार्क वाचत ते हळूच म्हणाले. "आमच्या सासऱ्यांनी अठरा वर्षांत अजून एकही मार्क दिला नाही हो!"

आणि त्यांनी पेपरवर सही केली.